आत बघून सगळं दिसत नाही

स्वतःचा शोध घ्या, असं आज सगळीकडून सांगितलं जातं. शिबिरांतून, मोबाइलवरच्या ॲपमधून, कंपन्यांच्या सत्रांतून, शाळेच्या तासांतून. सांगण्याची पद्धतही ठरलेली आहे. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, आत वळा, तुमचं खरं रूप तिथेच आहे. यातल्या पहिल्या भागाला माझा विरोध नाही. श्वासाकडे लक्ष दिल्याने अनेकांचं भलं झालं आहे. शेवटचा भाग मात्र मला मान्य नाही. आत वळल्याने मन निवतं, पण मन निवलं म्हणून माणूस स्वतःला ओळखू लागतो असं होत नाही. ज्या समजुतींवर आपण जगतो, माणसांना बरं-वाईट ठरवतो, मुलं वाढवतो, मत देतो, त्या खऱ्या की खोट्या हे एकट्याने डोळे मिटून कळत नाही. त्यासाठी दुसरी माणसं लागतात. म्हणून माझं म्हणणं असं की जी शाळा, जी संस्था माणसांना शांत बसायला शिकवते, तिने त्यांना आपल्या समजुती चारचौघांत मांडून तपासायलाही शिकवलं पाहिजे. हे काम टाळून नुसती शांतता शिकवणं अपुरं तर आहेच, पण काही वेळा ते अपायकारकही ठरतं.

आत डोकावल्यावर नेमकं काय दिसतं, इथून सुरुवात करू. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले पेटर योहानसन आणि लार्स हॉल यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. समोरच्याला दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि जास्त आवडलेला निवडायला सांगायचं. मग दोन्ही फोटो पालथे ठेवायचे आणि निवडलेला फोटो त्याच्याकडे सरकवायचा. 'हाच निवडण्याचं कारण काय?' एवढंच विचारायचं. मधूनमधून प्रयोग करणारा हातचलाखी करायचा आणि न निवडलेला फोटो पुढे सरकवायचा. बहुतेक वेळा हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. लोक तो परका फोटो हातात धरून तो आपणच का निवडला याची कारणं सांगत राहिले. कुणी हसू आवडलं म्हणालं, कुणी कानातले आवडले म्हणालं. ज्या चेहऱ्याला त्यांनी प्रत्यक्षात नाकारलं होतं, त्याच चेहऱ्याची ही कारणं होती. सांगण्यात कुठे अडखळणं नव्हतं, लबाडीही नव्हती. प्रत्येक जण आपल्या मनात डोकावून प्रामाणिक उत्तर देत होता.

चेहऱ्यांचं सोडून देऊ, तिथे काय एवढं पणाला लागतं? पण याच गटाने २०१२ मध्ये नैतिक प्रश्नांची एक प्रश्नावली घेतली. १६० जणांनी आपली मतं कागदावर नोंदवली आणि नंतर ती मोठ्याने वाचून त्यांचं समर्थन केलं. मधल्या वेळात दोन विधानांचा कागद बदलून त्यांचा अर्थ उलटा करून ठेवला होता. ६९ टक्के लोकांनी निदान एक उलटं विधान आपलंच म्हणून स्वीकारलं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपल्याच मूळ मताच्या विरुद्ध बाजूने व्यवस्थित युक्तिवाद केला.

त्याआधी १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी असंच काहीसं दाखवून दिलं होतं. स्त्रियांच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांतला सर्वांत चांगला निवडायला सांगितला. चारही जोड हुबेहूब एकसारखे होते. सगळ्यात उजवीकडचा जोड ४० टक्के लोकांनी निवडला, सगळ्यात डावीकडचा १२ टक्क्यांनी. कारण विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, दर्जा यांबद्दल सांगितलं. जोड कुठल्या जागी ठेवला होता यामुळे निवड ठरली असेल का, असं विचारलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी ते उडवून लावलं.

कारण विचारलं की मन कारण तयार करतं, आणि तयार केल्याची नोंदही ठेवत नाही. आपल्याला जे 'आतून वाटतं' त्यातलं बरंचसं असं नंतर रचलेलं असतं. ही माणसाची नीतिभ्रष्टता नव्हे. मनाची घडणच तशी आहे आणि ती प्रत्येकाला लागू आहे. मात्र ही घडण एकदा मान्य केली की 'आत वळा, खरं काय ते तिथे दिसेल' हा सल्ला जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. बघणारा आणि रचणारा एकच असेल तर त्याच्या एकट्याच्या साक्षीवर किती विसंबायचं?

श्वासाकडे आणि मनात येणाऱ्या विचारांकडे नुसतं लक्ष देण्याच्या या सरावाला सजगता (इंग्रजीत माइंडफुलनेस) म्हणतात. आता तिच्या बाजूने जे म्हणायला हवं ते म्हणतो, कारण तिला कमी लेखणं हा या लेखाचा हेतू नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेचा एक अभ्यासक्रम सुरू केला. तो ज्यांच्यासाठी होता त्यांत जुनाट दुखण्याचे कितीतरी रुग्ण होते, ज्यांना औषधोपचारांनी पुरेसा आराम पडत नव्हता. पुढे झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टिझडेल यांनी त्याच पायावर नैराश्याच्या रुग्णांसाठी उपचारपद्धती तयार केली. ज्यांना वारंवार नैराश्याचे झटके येतात त्यांना पुढचा झटका टाळायला तिची मदत होते, याला चांगला आधार आहे. ती काम कशी करते हे समजून घेण्यासारखं आहे. नैराश्यातून उठलेल्या माणसाला 'मी कुचकामी आहे' असं वाटलं की तो विचार त्याला सरळ सत्य वाटतो, मग त्यामागे दुसरा विचार येतो, तिसरा येतो, आणि माणूस पुन्हा खोल जातो. सराव झालेला माणूस म्हणतो, 'मी कुचकामी आहे असा एक विचार आत्ता माझ्या मनात आला.' विचार तोच असला तरी आता त्याच्यात आणि माणसात वीतभर अंतर पडलेलं असतं. कुणाचा जीव वाचवण्याइतकं मोल त्या अंतराला आहे.

समजूत तपासण्याची पहिली पायरीही हीच आहे. समजुतीकडे समजूत म्हणून बघता आल्याशिवाय ती तपासता येत नाही. पण बहुतेक सत्रं या पायरीवरच थांबतात. अंतर पडलं, विचार दिसला, आता त्याला जाऊ द्या, पुन्हा श्वासाकडे या. नैराश्याच्या चक्रात सापडलेल्यासाठी हे अगदी बरोबर आहे. पण मनात आलेला प्रत्येक त्रासदायक विचार खोटा नसतो. काही विचार त्रास देतात कारण ते खरे असतात.

अँड्र्यू हाफेनब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एक प्रयोगमालिका प्रसिद्ध केली. आपण कुणाला तरी दुखावलं आहे, याची आठवण सहभागी लोकांना करून दिली होती. त्यानंतर काहींनी श्वासावर लक्ष केंद्रित करण्याचं ध्यान केलं. त्यांची अपराधाची भावना कमी झाली, आणि तिच्याबरोबर दुखावलेल्या माणसाची भरपाई करण्याची इच्छाही कमी झाली. ज्यांनी दुसऱ्याचं भलं चिंतण्याचं, मैत्रीभावनेचं ध्यान केलं त्यांच्यात मात्र भरपाईची इच्छा श्वास-ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त टिकली. दोन्ही गट डोळे मिटूनच बसले होते. फरक एवढाच की एका गटाच्या मनात दुसरा माणूस होता.

योखन गेबावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये योग आणि ध्यान करणाऱ्यांचा अभ्यास मांडला. या साधनांनी अहंकार निवळतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्यांना मात्र सरावानंतर लोक स्वतःला इतरांपेक्षा सरस मानू लागल्याचं आढळलं. हा काही शेवटचा शब्द नव्हे. मानसशास्त्रात एका अभ्यासाने निकाल लागत नाही. पण साधना करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा प्रश्न यातून समोर येतो. माझी शांतता मला दुसऱ्याच्या जवळ नेते आहे की त्याच्यापेक्षा उंचावर?

हा वैयक्तिक आवडीचा विषय राहत नाही, सार्वजनिक होतो, तो इथून. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यातला जहाजमालक मला फार महत्त्वाचा वाटतो. देश सोडून निघालेल्या कुटुंबांना घेऊन त्याचं जहाज समुद्रात जाणार असतं. जहाज जुनं आहे, मुळातच फारसं चांगलं बांधलेलं नाही, वरचेवर डागडुजी लागते, हे त्याला माहीत असतं. ते पुरतं तपासून दुरुस्त करायला हवं असं त्याच्या मनात येतं. ही शंका त्याला बेचैन करते, आणि मग तो तिच्यावर मात करतो. इतक्या सफरी, इतकी वादळं या जहाजाने पार केली, याही वेळी करेल. देव एवढ्या कुटुंबांना वाऱ्यावर सोडणार नाही. ज्यांनी जहाज बांधलं त्यांच्या सचोटीवर असा संशय घेणं बरं नव्हे. अशा रीतीने त्याची मनापासून खात्री पटते. हलक्या मनाने तो जहाजाला निरोप देतो. जहाज भर समुद्रात बुडतं आणि त्याला विम्याचे पैसे मिळतात.

क्लिफर्ड विचारतो, हा माणूस दोषी आहे का? आणि निःसंदिग्ध उत्तर देतो की आहे, कारण त्या खात्रीवर त्याचा हक्कच नव्हता. तपास करून ती त्याने मिळवली नव्हती, शंका दाबून मिळवली होती. पुढे तो म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी त्याचा दोष तिळमात्र कमी झाला नसता. क्लिफर्डचा निष्कर्ष फारच कडक आहे, असं अनेक तत्त्वज्ञांचं मत पडलं, आणि पुराव्याविना काहीच मानू नये हे त्याचं टोकाचं विधान मलाही पेलत नाही. पण जहाजमालकाबद्दल त्याच्याशी वाद घालणं अवघड आहे. तो माणूस प्रामाणिक होता आणि शांतही होता. त्याच्या शांततेची किंमत जहाजात बसलेल्यांनी मोजली.

आपल्यापैकी फारच थोड्यांकडे जहाजं असतात. पण आपल्या समजुतींवर प्रवास करणारी माणसं प्रत्येकाच्या आयुष्यात असतात. एका बापाची अशी ठाम समजूत आहे, असं धरून चला, की आपली दहा वर्षांची मुलगी आळशी आहे. अभ्यासाला बसवलं की ती पेन्सिल कुरतडते, पाणी प्यायला उठते, पुस्तकाचं तेच पान पुन्हा पुन्हा उघडते. बापाला हे रोज दिसतं आणि रोज त्याची समजूत पक्की होते. तो तिला त्याच शब्दाने हाक मारतो, थट्टेने का होईना. पाहुण्यांसमोर तोच शब्द येतो. हळूहळू मुलगीही स्वतःबद्दल तोच शब्द वापरू लागते.

हा बाप रोज वीस मिनिटं ध्यान करत असेल तर त्याचा आवाज चढणार नाही, हात उगारला जाणार नाही, आणि ते मुलीच्या दृष्टीने लहानसहान नाही. पण समजूत जागच्या जागी राहील. तो शांतपणे तिला आळशी समजत राहील.

त्याने करायला हवं ते वेगळंच काही आहे. ही मुलगी आळशी नसेल तर मला काय दिसलं असतं, हे त्याने आधी ठरवावं. मग त्यावर लक्ष ठेवावं आणि दिसलं की लगेच लिहून ठेवावं. लगेच, कारण चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात नोंदवलेला नियम हाच आहे. आपल्या निष्कर्षाला छेद देणारी वस्तुस्थिती किंवा विचार समोर आला की तो विनाविलंब टिपून ठेवायचा, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी स्मरणातून फार लवकर निसटतात, हे त्याने अनुभवाने ओळखलं होतं. बापाने आठ-पंधरा दिवस अशी नोंद ठेवली तर कदाचित दिसेल की मुलगी दोन-दोन तास चित्रं काढत बसते, धाकट्या भावाला न कंटाळता खेळवते, तोंडी विचारलेली गणितं झटपट सोडवते, आणि अडते ती फक्त छापील मजकूर समोर आला की. मग आळस हा शब्द गळून पडेल आणि तिला अक्षरं वाचायला त्रास होतो का, हा प्रश्न पुढे येईल. तो कित्येक वर्षं आधीच पुढे यायला हवा होता. किंवा असं काहीच दिसणार नाही आणि ती खरंच टाळाटाळ करते आहे असं ठरेल. तेही चालेल. तपासणीचा निकाल आधीच माहीत असेल तर ती तपासणी नव्हे.

पण नोंदवहीनेही सगळं होत नाही. त्याने मुलीला विचारावं. शिक्षकांना विचारावं. मुख्य म्हणजे, स्वतःचं मत आधी न सांगता विचारावं. व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करणाऱ्या सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये दाखवलं की आपल्याला किती चिंता वाटते, मन किती अस्थिर असतं अशा आतल्या गोष्टी आपल्याला इतरांपेक्षा चांगल्या कळतात. पण बुद्धी, सर्जनशीलता अशा ज्या गुणांत आपला मान गुंतलेला असतो, त्यांबाबत आपल्याला ओळखणाऱ्यांचं मत जास्त अचूक ठरतं. आपण कसे बाप आहोत हा प्रश्न या दुसऱ्या प्रकारातला आहे असं मला वाटतं. त्याचं उत्तर आपल्यापाशी नसतं, आपल्या लेकरापाशी असतं.

हे सगळं पाश्चात्त्य विज्ञानाने परवा शोधून काढलं अशातला भाग नाही. न तपासलेलं आयुष्य माणसाने जगण्याच्या लायकीचं नाही, असं म्हणणारा सॉक्रेटिस गुहेत बसला नव्हता. तो अथेन्सच्या बाजारात लोकांना थांबवून प्रश्न विचारायचा, धैर्य म्हणजे काय, धर्मनिष्ठा म्हणजे काय, आणि ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये त्याला देहदंड झाला. कालाम लोकांनी बुद्धांना विचारलं, की येणारा प्रत्येक जण आपलंच मत खरं म्हणतो, मग आम्ही मानायचं काय? बुद्धांनी त्यांना सांगितलं, की परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, तर्काला पटतं म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका. जे अकुशल आहे, जाणती माणसं ज्याला दोष देतात, ज्याने अहित आणि दुःख होतं, असं तुम्हांला स्वतः कळेल ते सोडा. या कसोटीत 'स्वतः कळेल' आहे, पण तेवढंच नाही. तिच्यात जाणत्यांचं मत आहे आणि परिणामही आहे. आज ध्यानाच्या नावाने जे विकलं जातं त्यात यातलं नेमकं हेच गळून पडलं आहे.

शाळांकडे वळतो. ब्रिटनमध्ये ११ ते १३ वयाच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर सजगतेच्या तासांची एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. शाळेत नेहमी होणाऱ्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा या तासांनी मुलांच्या मानसिक आरोग्यात अधिक सुधारणा झाली नाही. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. मला यात मुलांचा दोष दिसत नाही. तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात जे घोंघावत असतं, मी दिसायला कसा आहे, मित्र मला का टाळतात, घरात वडील म्हणतात ते बरोबर की बाहेर ऐकतो ते, त्यातलं किती श्वास मोजून सुटणारं आहे? हे प्रश्न बोलायचे आहेत, दुसऱ्यांनाही ते पडतात हे कळण्याचे आहेत.

नोकरीच्या ठिकाणीही तसंच. ब्रिटनमधल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणाचं विल्यम फ्लेमिंग यांनी केलेलं विश्लेषण २०२४ मध्ये छापून आलं. ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, सजगतेची सत्रं, मानसिक स्वास्थ्याची ॲप यांत भाग घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा बरे आढळले नाहीत. एक उपक्रम मात्र अपवाद ठरला, तो म्हणजे समाजोपयोगी स्वयंसेवा. असल्या सर्वेक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरं. आधीच जास्त त्रासलेले लोक ध्यानाकडे वळले असतील. पण मोठा प्रश्न वेगळाच आहे. कामाचा बोजा असह्य असेल, वरिष्ठ रात्री अकराला संदेश पाठवत असतील, तर 'ताण तुमच्या प्रतिक्रियेत आहे' हीच एक न तपासलेली समजूत आहे, आणि ती कर्मचाऱ्याच्या गळी उतरवणाऱ्याच्या फार सोयीची आहे. तिथे तपासायला हवं ते कामाचं वाटप. माणसाला शांत करून ते झाकून टाकणं हा अन्याय आहे.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. दबलेल्या माणसाला आधी स्वतःचा असा कोपरा लागतो. ज्याला आयुष्यभर इतरांनीच सांगितलं की तू कोण आहेस, त्याला पुन्हा 'इतरांना विचार' म्हणणं क्रूरपणाचं नाही का? हा आक्षेप मी फार मनावर घेतो. त्याचं उत्तर मला एका इतिहासात सापडतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्कमध्ये काही स्त्रिया एकमेकींच्या घरी जमू लागल्या. एक प्रश्न घ्यायचा आणि प्रत्येकीने आपल्या आयुष्यातून त्याचं उत्तर द्यायचं, असा रिवाज होता. मूल हवं का नको, घरकाम कोण करतं, नात्यात आपण काय गिळून टाकतो, असले विषय. प्रत्येक जण आली होती ती ही अडचण फक्त माझी आहे, माझ्यातच काहीतरी कमी आहे, असं धरून. पहिलीने सांगितलं, दुसरीने सांगितलं, पाचवीने तेच सांगितलं, आणि कमी आपल्यात आहे ही समजूत उभी राहीना. या गटांना मानसोपचार म्हणून हिणवणाऱ्यांना त्याच चळवळीतल्या कॅरल हॅनिश यांनी १९६९ मध्ये उत्तर लिहिलं, की ज्याला आपण वैयक्तिक अडचणी म्हणतो त्या राजकीय अडचणी आहेत, हा या बैठकांतला पहिल्या शोधांपैकी एक शोध आहे. यांतली प्रत्येक स्त्री एकटी आपल्या खोलीत कितीही वर्षं आत डोकावत बसली असती, तरी तिला आत 'माझ्यात कमी आहे' हेच दिसलं असतं. कारण तेच तिथे ठेवलेलं होतं.

तेव्हा दबलेल्या माणसाला दुसरी माणसं लागतात ती त्याच्यावर निकाल देणारी नव्हेत, त्याच्यासारखं सोसलेली. तपासणीसाठी संगत निवडावी लागते, आणि भेदरलेल्या मनाने तपासणी होत नाही. इथे श्वासाची, स्वस्थतेची जागा मी आनंदाने मान्य करतो. मन थोडं स्थिर झाल्यावरच ते स्वतःविरुद्धचा पुरावा बघू शकतं.

दुसरा आक्षेप बहुमताचा. चारचौघांत समजुती तपासायच्या म्हणजे चारचौघं म्हणतील ते मानायचं का? नाही. 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही। मानियेले नाही बहुमता॥' असं तुकोबा म्हणून गेले आहेत, आणि त्या मनाच्या ग्वाहीपुढे मी नतमस्तक आहे. पण ती ग्वाही मनातल्या मनात राहिली नाही हेही पाहिलं पाहिजे. अभंग उघड्यावर म्हटले गेले, त्यांना विरोध झाला, त्या विरोधासमोर ते उभे राहिले. बहुमत न मानणं वेगळं आणि बहुमताला सामोरंच न जाणं वेगळं.

समजूत बदलण्याचं म्हणाल तर माणूस कोंडीत सापडला की बदलत नाही, जास्त घट्ट होतो. डेव्हिड ब्रूकमन आणि जोश कॅला यांनी २०१६ मध्ये मायामीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कार्यकर्ते घरोघर जाऊन तृतीयपंथी व्यक्तींबद्दल लोकांशी सुमारे दहा मिनिटं बोलत. ते आकडे तोंडावर फेकत नसत. तुम्हांला कधी वेगळे म्हणून कुणी नाकारलं होतं का, असं विचारत आणि ऐकून घेत. पूर्वग्रह घटला, आणि तो परिणाम निदान तीन महिने टिकला. २०१३ मध्ये फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी आणखी एक उपयोगी गोष्ट दाखवली. एखाद्या धोरणाला तुमचा पाठिंबा का आहे, असं विचारलं तर लोक आपल्या बाजूची कारणं देतात आणि मत तसंच राहतं. ते धोरण अमलात आलं की नेमकं कसं काम करेल हे पायरीपायरीने सांगा म्हटलं की आपल्याला किती कमी कळतं हे त्यांचं त्यांनाच जाणवतं आणि मताची धार कमी होते. घरात, वर्गात, कचेरीत 'का'च्या जागी 'कसं' विचारायला काहीच खर्च येत नाही.

म्हणून शाळांबाबत माझी मागणी साधी आहे. सजगतेचा तास असू द्या, पण त्याला जोडून दुसरा तास ठेवा. त्यात मुलं एक समजूत घेतील, तिच्या विरुद्ध बाजूचं म्हणणं लिहून काढतील, आणि ती बाजू खरोखर मानणारा वर्गमित्र 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हणेपर्यंत लिहीत राहतील. मॅथ्यू लिपमन यांनी १९७० च्या दशकात लहान मुलांसाठी तत्त्वज्ञानाचे वर्ग सुरू केले तेव्हापासून अशा गोलाकार चर्चांचा अनुभव अनेक देशांत जमा झाला आहे. त्याने परीक्षेतले गुण वाढतात असा दावा मी करत नाही. गुण वाढले नाहीत तरी हा तास हवा.

आणि त्या तासात पहिली पाळी शिक्षकाची असली पाहिजे. मुलांबद्दलची त्याची स्वतःची एक समजूत, 'मागच्या बाकावरच्यांना शिकायचंच नसतं' असली कुठलीही, फळ्यावर लिहिली जावी, आणि मागच्या बाकावरच्यांना तिच्यावर बोलू द्यावं, मध्ये न थांबवता. कंपनीत हीच पाळी वरिष्ठाची, घरात आईबापांची. ज्यांच्या समजुतींवर सर्वाधिक माणसं अवलंबून असतात त्यांच्या समजुती आधी तपासल्या जाव्यात. आज होतं ते याच्या उलट. शांत बसायला सांगितलं जातं ते नेहमी खालच्यांना.